आठ दिवसांसाठी दिलेलं जातं

ही घटना खरी आहे.

असं सगळेच म्हणतात, हे मला माहीत आहे. या पेजवर मीसुद्धा वाचते आणि निम्म्या कथा वाचून हसते. पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळाखालचा दिवा... आमच्या घरी हे चालत नाही. आम्ही बौद्ध. माझे सासरे देवाजी आयुष्यभर गावोगाव फिरून सांगत राहिले की भूत, करणी, अंगात येणं हे सगळं थोतांड आहे. त्यांच्यासोबत मीही फिरले आहे.

म्हणजे मी घाबरट बाई नाही.

आणि ही घटना रात्रीचीही नाही.

२१ मे २०२५, बुधवार. दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं. ऊन असं की माणसाची सावली त्याच्याच पायाखाली.

जागा चिचगडच्या पुढची. तालुका देवरी, जिल्हा गोंदिया. डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या रस्त्याने आत गेलं की माळावर निळ्या पत्र्याचं एक मोठं शेड दिसतं. दाराशेजारी संगमरवरी पाटी आहे. पाटीवर अकरा जणांची नावं आहेत. त्या अकरांपैकी एकालाही चारोळी कशी फोडतात ते माहीत नाही.

हे आमचं क्लस्टर, म्हणजे बायांच्या चारोळीसाठी सरकारने बांधलेलं केंद्र.

चारोळी म्हणजे तुम्ही श्रीखंडावर टाकता तीच. आमच्या जंगलात चाराची झाडं आहेत. उन्हाळ्यात बाया पहाटे जाऊन फळं गोळा करतात, धुतात, वाळवतात आणि मग कडक बी जात्यावर फोडतात. हे सोपं नाही. जात्याचा वरचा दगड पूर्ण टेकला तर आतल्या दाण्याचा भुगा होतो. म्हणून मधल्या खुंटीला चिंधी गुंडाळतात. त्यामुळे वरचा दगड केसभर उचललेला राहतो. टरफल फुटतं, दाणा अख्खा निघतो.

किती चिंधी गुंडाळायची, हे हाताला कळावं लागतं. आमच्या पंचक्रोशीत ते सगळ्यांत जास्त कळायचं नंदाबाईला.

सत्तरी ओलांडलेली बाई. कमरेत वाकलेली, पण जात्यावर बसली की सरळ. तिच्या जात्यातून शंभरातले पंचाण्णव दाणे अख्खे निघायचे. ते जातं तिच्या सासूच्या सासूचं. त्या घरातल्या प्रत्येक लग्नाची हळद त्याच जात्यावर दळली गेली होती.

तर हे जातं मी सरकारला दिलं.

हो, मी. माझं नाव रश्मी. मी बी.ए. आहे आणि साहेबांसमोर बोलायला घाबरत नाही, म्हणून साठ बायांनी मला क्लस्टरची सचिव केलं. मला वाटलं, आपण फार मोठं काम करून राहिलो.

झालं असं. शेड सरकार बांधणार, मशीन सरकार देणार. पण थोडा लोकवाटा बायांचाही हवा. बायांकडे काय होतं? योजनेचं काम बघणारे साहेब म्हणाले, "वस्तू दिली तरी चालेल मॅडम. कोई पुरानी मशीनरी है क्या?"

आणि माझी हुशारी पुढे धावली. मी म्हटलं, सात जाती आहेत साहेब, साठही बाया त्यांच्यावरच फोडतात.

साहेब खूश. यादीत लिहिलं गेलं : दगडी दळण यंत्र, नग सात.

जाती न्यायला टेम्पो आला, तेव्हा नंदाबाई आपल्या जात्यावर हात ठेवून बसली. उठेचना. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि म्हणाले, "आजी, उद्घाटनापुरतं पाहिजे वं. आठ दिवसांत वापस आणून देतो."

"खरंच आठ दिवस?"

"खरंच."

तिने कागदावर अंगठा दिला. अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. कागदावर काय लिहिलं होतं ते मी वाचलं होतं. त्यात आठ दिवस कुठेच नव्हते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्घाटन झालं. त्याचं काय सांगू!

मशीन आली होती, वीज आली नव्हती. विजेचा खांब माळाच्या अलीकडे उभा होता, तिथून शेड तीनशे पावलं. पण मधली जमीन सातबाऱ्यावर झुडपी जंगल. झुडूप तिथे औषधालाही नाही, पण कागदावर जंगल आहे ना! तार ओढायला परवानगी हवी. ती परवानगी आजतागायत आलेली नाही. भाड्याने आणलेला जनरेटर पाहुणे यायच्या अर्धा तास आधी धूर काढून बंद पडला.

साहेब घामाघूम. मग त्यांना युक्ती सुचली. त्यांना इतर काही सुचत नाही, पण अशा युक्त्या बरोबर सुचतात.

नंदाबाईला तिच्या जात्यासकट मशीनच्या मागे बसवलं. पुढून पडदा लावला. पाहुण्यांनी बटण दाबलं की मागे तिने जातं ओढायचं आणि सोललेली चारोळी मशीनच्या तोंडातून खाली सरकवायची.

पाहुण्यांनी बटण दाबलं.

घर्र... घर्र... घर्र...

मशीनच्या तोंडातून पांढरी अख्खी चारोळी पडायला लागली. पाहुण्यांनी मूठभर उचलली, कॅमेऱ्याला दाखवली आणि म्हणाले, "बघा, यंत्राची कमाल! हाताला हे जमलं असतं का?"

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्या मशीनमधून आजवर जेवढा माल निघाला तेवढाच. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं म्हणतात ते आम्ही मंडप घालून करून दाखवलं.

संध्याकाळी साहेबांनी सातही जाती आत ठेवून दाराला कुलूप लावलं. कुलपावर कागद, सुतळी आणि वर लाखेचं सील. का? तर शेड एका खात्याचं, मशीन दुसऱ्याचं आणि दोघांत हस्तांतरण व्हायचं होतं. तोपर्यंत कोणी सील तोडायचं नाही. किल्ली मात्र सचिवाकडे, म्हणजे माझ्याकडे.

आठ दिवस झाले.

नवव्या दिवशी नंदाबाई माझ्या दारात आली. "झाले काय वं आठ दिवस?"

मी म्हटलं, साहेबांना विचारते. साहेब म्हणाले, हस्तांतरण झाल्यावर. नंतर म्हणाले, डेडस्टॉकच्या वहीत सरकारी वस्तू म्हणून नोंद झाली, आता निर्लेखन करून ती नोंद काढावी लागेल. नंतर म्हणाले, निर्लेखन करायला वस्तू मोडकी हवी, तुमची तर चांगली आहे! सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं म्हणणाऱ्यानं फारच कमी सांगितलं होतं.

नंदाबाई दर बुधवारी बाजाराला जाताना माझ्या दारात थांबायची. ना रागावणं, ना शिव्या. एकच प्रश्न.

"झाले काय वं आठ दिवस?"

तीन वर्षं.

चारोळी फोडायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं. व्यापारी यायचा आणि बी तसंच पडेल भावात घेऊन जायचा. साठही बायांचं तेच झालं. आणि किल्ली तीन वर्षं माझ्या घरात खिळ्याला लटकत होती. मी सील तोडलं नाही. सरकारी सील आहे, गुन्हा होईल म्हणून. सासरे मला भुताला भिऊ नको म्हणून शिकवून गेले. सुतळीच्या तुकड्याला भिऊ नको हे शिकवायचं राहिलं.

जानेवारी २०२५ च्या थंडीत नंदाबाई गेली.

मे महिन्यात तिचा मुलगा चैतराम माझ्याकडे आला. तिच्या नातीचं, आचलचं लग्न ठरलं होतं. शुक्रवारी हळद.

तो ओसरीत बसला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "रश्मीबाई, हळद कायवर दळावं?"

मी म्हटलं, "चैतरामभाऊ, आता सगळेच पुडा आणतेत."

"आणतेत. पण मायनं मरताना सांगितलं. आचलची हळद मायाच जात्यावर दळजा म्हणे. दुसरं काईच नाही सांगितलं. ना पैसा, ना वावर. फक्त जातं." तो खाली बघत होता. "तुमी शब्द देला होता म्हणे."

मला जमिनीने गिळलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, शुक्रवारच्या आत जातं तुमच्या घरी.

आणि नेमका त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला.

वरून विचारणा झाली होती की तीन वर्षांत किती क्लस्टर सुरू झाली. साहेबांना आमच्या क्लस्टरचा चालू स्थितीतला फोटो, एक व्हिडिओ आणि सचिवाची सही पाहिजे होती. "टेन्शन मत लो मॅडम. पाच-सहा बाया ॲप्रन घालून उभ्या करा, बस."

मी बुधवारी एकटीच गेले. ठरवलंच होतं. जातं द्या, मग सही घ्या.

साहेब गाडीतून उतरले तेच तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत. "बाया कुठं आहेत?"

मी म्हटलं, "आधी नंदाबाईचं जातं द्या."

"कौन नंदाबाई?"

त्यांना नावही आठवत नव्हतं. जिच्या हातावर त्यांचं उद्घाटन पार पडलं, तिचं नाव.

मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबले.

आतून आवाज येत होता...

घर्र... घर्र... घर्र...

आजूबाजूला कोणी नव्हतं. माळावर एक गुरंही नव्हतं. वारा पडलेला. शेडवर तार नाही, आत मीटर नाही. कुलूप जागच्या जागी. सुतळी धुळीने काळी झालेली. लाखेवरचा शिक्का तीन वर्षांपूर्वीचा.

आणि आत जातं चालू होतं.

मी तो आवाज ओळखते. प्रत्येक जात्याचा आवाज वेगळा असतो. हे जातं फिरताना दर फेरीला एकदा अडखळायचं, कारण त्याच्या काठाचा एक टवका उडालेला होता.

घर्र... टक्... घर्र... टक्...

साहेबांनीही ऐकलं. मला वाटलं, आता हा माणूस पळणार.

साहेब हसले.

"अच्छा! म्हणून एकट्या आलात होय. बाई आधीच आत बसवली! मॅडम, तुम्ही तर आमच्यापेक्षा हुशार निघालात."

"साहेब, सील पाहा. अजून तुटलं नाही."

"मागून खिडकीची जाळी तुटली असेल. अपने को क्या करना है?" आणि खर्रा गालात ठेवून त्यांनी स्वतःच्या हातांनी सील तोडलं. मी किल्ली लावली. कुलूप गंजलं होतं, दोनदा जोर लावावा लागला.

दार उघडलं.

आवाज थांबला.

आत उकाडा कोंडलेला. मशीनवर गंज चढलेला. मीटरच्या रिकाम्या पेटीत गांधीलमाशांचं पोळं. जमिनीवर बोटभर धूळ... आणि त्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. दारापासून मशीनपर्यंत नाही, खिडकीपासून मशीनपर्यंतही नाही. खिडकीची जाळी मी पाहिली. शाबूत होती, फक्त काच फुटलेली.

मशीनच्या तोंडाखाली चारोळीचा ढीग होता.

पांढरी, ताजी, अख्खी. मी हात लावला. दाणे कोमट होते.

"वा!" साहेब म्हणाले आणि मोबाईल काढून फोटो घ्यायला लागले. "माल भी निकल रहा है. बहोत बढिया."

मी मशीनच्या बाजूला वळले. मागे सात जाती ओळीने ठेवलेली होती. सहांवर जाड धूळ, कोळ्याची जाळी. सातवं स्वच्छ. दगड काळाभोर, आत्ताच पुसल्यासारखा. भोवती टरफलांचं कडं पडलेलं. आणि मधल्या खुंटीला लाल काठाची चिंधी गुंडाळलेली...

त्याच्यापुढे कोणी बसलेलं नव्हतं.

"मॅडम, जरा बाजूला. तुम्ही फ्रेममध्ये येताय." साहेबांनी मोबाईल मशीनच्या तोंडावर धरला आणि मशीनच्या मागच्या बाजूला तोंड करून ओरडले, "ओ बाई! थांबल्या काऊन? चालवा थोडं अजून. व्हिडिओ घेतो."

मी म्हणणार होते, साहेब, नका...

जातं फिरायला लागलं.

मी तीन हातांवर उभी होते. डोळ्यांनी पाहिलं. वरचा दगड फिरत होता. सावकाश, एकसारखा, जाणत्या हाताने फिरवावा तसा. खुंटा गोल फिरत होता आणि खुंट्यावर हात नव्हता. टरफलं कडेने गळत होती. दाणे कुठून येत होते ते मला दिसलं नाही, पण मशीनच्या तोंडातून ते पडत होते. ते खाली पडल्याचा आवाज मी ऐकत होते.

साहेब मशीनचा व्हिडिओ घेत होते. चार पावलं बाजूला सरकून मान वळवली असती तर त्यांना सगळं दिसलं असतं. त्यांनी मान वळवली नाही. त्यांना मागे कोण आहे याच्याशी कधीच काही देणंघेणं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी नव्हतं, आजही नव्हतं.

मला त्या क्षणी भुतापेक्षा त्या माणसाची शिसारी आली. खरं सांगते.

मग दगड थांबला.

आणि माझ्या अगदी कानाशी, जात्यावर बसलेली बाई वर बघून बोलते त्या उंचीवरून नाही, उभ्या माणसाच्या उंचीवरून...

"झाले काय वं आठ दिवस?"

मी ओरडले की नाही, आठवत नाही. मी दाराबाहेर उन्हात उभी होते एवढं आठवतं. साहेब मागून रमतगमत आले. "बाईला सांगा, व्हिडिओत बोलू नको म्हणून. बाकी एकदम फर्स्ट क्लास."

त्यांनी कागद पुढे केला. 'युनिट पूर्ण क्षमतेने कार्यरत आहे.'

मी म्हटलं, "जातं?"

"सही करा, जातं घेऊन जा. मी कुठं नाही म्हणतो?"

मी सही केली. परत एकदा.

सही होताच साहेबांनी कागद फायलीत घातला, दार ओढून घेतलं आणि नवीन सुतळी काढली. "आता तर जातं अजिबात नाही मिळणार मॅडम. युनिट कार्यरत झालं ना. कार्यरत युनिटची मशीनरी बाहेर कशी काढणार?" लाख वितळवून त्यांनी नवं सील लावलं. "आणि ती बाई बाहेर निघाली की खिडकी बुजवून घ्या."

गाडी धूळ उडवत निघून गेली. एका बाईला आपण आत बंद केलं असं समजून तो माणूस निघून गेला. एकदाही मागे वळून न पाहता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. भीती होतीच. पण त्याहून जास्त लाज होती.

गुरुवारी सकाळी मी किल्ली घेऊन चैतरामच्या घरी गेले. "बंडी जुपा भाऊ. जातं आणू."

"अन् सील?"

"जळो ते सील."

आम्ही सुतळी विळ्याने कापली. आत सगळं शांत होतं. चैतरामला मी काहीच सांगितलं नव्हतं. त्याने आईच्या जात्यावरून हात फिरवला. मग आम्ही दोन्ही दगड बंडीत ठेवले. दगड ऊनऊन होते. शेड तापलं म्हणून असेल.

शुक्रवारी हळद झाली. अंगणात जातं मांडलं, त्याला कुंकू लावलं. पाच सवाष्णी बसल्या. मला भीती वाटत होती की दगड हलणारच नाही. पण लोण्यासारखा फिरला. आचल पाटावर बसून हसत होती. तिच्या गालाला हळद लागली आणि चैतराम गोठ्याकडे तोंड करून डोळे पुसायला लागला. मलाही रडू आलं. तीन वर्षांनी का होईना, मी दिलेला शब्द पाळला होता.

दळण झाल्यावर चैतरामची बायको दगड धुवायला बसली. तिने खुंटीची चिंधी सोडली आणि हातात घेऊन बघत राहिली.

"रश्मीबाई... हा काठ तं सासूच्या लुगड्याचा होय."

"असंन. जुनी चिंधी असंन."

"जुनी कायची? हे लुगडं मी दिवाळीले घेतलं होतं. तिच्या अंगावर होतं. तिच्यासंगंच जळलं."

तिने चिंधी तशीच खाली ठेवली.

पुढच्या सोमवारी ऑफिसातली माणसं 'कार्यरत' अशी पाटी ठोकायला आली. तीन वर्षांत वीज आली नाही, पाटी मात्र पाच दिवसांत आली! त्यांना सील तुटलेलं दिसलं. त्यांनी मोजणी केली. जाती सहाच.

मंगळवारी मला नोटीस मिळाली. चैतरामलाही. शासकीय यंत्रसामग्री अनधिकृतपणे हलवल्याबद्दल गुन्हा का दाखल करू नये? सदर यंत्र आठ दिवसांच्या आत जमा करावे.

आठ दिवसांच्या आत.

मी तो शब्द किती तरी वेळ वाचत बसले.

चैतराम घाबरून आला. "देऊन टाकू बाई जातं. हळद तं झाली. पोलीस घरी आले तं पोरीच्या सासरी काय म्हणतीन?"

मी म्हटलं, "द्यायचं नाही. एकदा देऊन पाहिलं ना?"

आणि मी उत्तर लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा साहेबाला कागदावर सरळ उत्तर. 'आपण स्वतः दिलेल्या प्रमाणपत्रानुसार २१ मे रोजी युनिट सर्व यंत्रांसह पूर्ण क्षमतेने चालू होते. सोबत आपणच मला पाठवलेला व्हिडिओ. आपले प्रमाणपत्र खोटे असल्यास तसे लेखी कळवावे.'

साहेबांचा फोन आला. आवाज पार उतरला होता. "मॅडम, एवढं काय... जातं यादीत आहेच असं समजू. नोटीस विसरा." मग जरा थांबून म्हणाले, "पण तो व्हिडिओ... त्यात बाईचा आवाज आहे. मी दोनदा कापला. ऑफिसात लावला की परत येतो. ती बाई कोण होती?"

मी म्हटलं, "नंदाबाई. तुम्हीच तर बसवलं होतं."

फोन ठेवून मी खूप दिवसांनी पोटभर हसले. सुपातले हसतात म्हणे. मला वाटलं, मी सुपात आहे.

इथे ही कथा संपायला हवी होती. जातं घरी आलं, हळद झाली, साहेबाची जिरली.

काल बुधवार होता. मी बाजारातून येत होते. दुपारचे बारा वाजले होते. का कोण जाणे, गाडी मुरमाच्या रस्त्याला वळवली.

शेडला नवं कुलूप, नवं सील. दाराशेजारी नवी पाटी. कार्यरत.

मी गाडी बंद केली...

घर्र... टक्... घर्र... टक्...

मी तिथूनच चैतरामला फोन लावला. "भाऊ, जातं कुठं आहे?"

"ओसरीत हाय."

"डोळ्यांपुढं आहे?"

"हाव. त्याच्यापाशीच बसून हावो. काऊन?"

"चालून राहिलं काय?"

"नाही वं बाई. कायले चालन?"

मी फोन ठेवला. खिडकीशी गेले. फुटक्या काचेतून आत पाहिलं.

सहा जाती ओळीने होती. सातव्याची जागा रिकामी, धुळीत नुसता गोल डाग. आणि त्या रिकाम्या जागेभोवती टरफलं पडत होती. एक-एक करून. मशीनच्या तोंडाखाली ढीग वाढत होता.

जातं आम्ही आणलं. नंदाबाई आली नाही.

घरी आल्यापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. मला वाटलं होतं, तिला दगड हवा होता. दगड घरी गेला की ती सुटेल. पण ज्या कागदावर तिने अंगठा दिला, तो अजून त्यांच्या फायलीत आहे. त्या कागदाप्रमाणे तिने लोकवाटा दिलेला आहे. युनिट कार्यरत आहे. आणि कार्यरत युनिटमधून ते कोणालाच बाहेर काढत नाहीत.

काल खिडकीतून वळताना मी तो प्रश्न पुन्हा ऐकला. या वेळी आवाज थकलेला होता.

माझे सासरे असते तर म्हणाले असते, मनाचे खेळ आहेत रश्मी. कदाचित असतील. मी अजूनही भूत मानत नाही.

पण त्या कागदावर तिच्या अंगठ्याखाली माझी सही आहे. आणि 'कार्यरत' म्हणणाऱ्या नव्या कागदावर तर फक्त माझीच.